चुकलेल्या दारची प्रार्थना

रत्नागिरी,
९ जुलै २०२४

ती. रिबेकाआत्यास,
सुवार्ताचा कृ. सा. सलाम वि. वि.

फोनवर तुला माझा आवाज ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोलणे मला जमत नाही. त्यामुळे आपल्या दोघींपुरते तरी टपालखाते टिकून आहे. मी सुखरूप पोहोचले. खोली चर्चच्या मागेच आहे. खिडकीतून फणसाचे झाड दिसते आणि त्या झाडामुळे बाकी काही दिसत नाही.

आपली येथील मंडळी लहानशी आहे. सरकारी इस्पितळातील परिचारिका, बँकेतले दोघे, एक शाळामास्तर, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातले एक केमिस्ट, जे पाळी सांभाळून शनिवारी घरी येतात, आणि उरलेले सारे निवृत्त. मला काय म्हणून हाक मारावी, याचा निकाल अजून लागलेला नाही. पाळकाच्या पत्नीस पाळकीणबाई म्हणतात. पण पाळकच बाई निघाली तर काय म्हणायचे, हे कोणाला ठाऊक नाही. मुले मला मिस म्हणतात, मास्तर पाळकताई म्हणतात. मंडळीच्या कारभारी वडिलांपैकी ज्येष्ठ असलेले श्री. चंद्रकांत समुद्रे काहीच म्हणत नाहीत. ते खाकरतात, आणि मी वळून पाहते.

समुद्रे वडिलांनी पहिल्याच दिवशी मला सारे स्पष्ट सांगितले. जानेवारीत मंडळीची वार्षिक सभा आहे. त्या सभेने मला मागितले, तर आपल्या चर्चचे कौन्सिल मला पाळकपणाची दीक्षा देईल आणि मी येथेच राहीन. न मागितले, तर मला मिरजेच्या वसतिगृहाच्या ग्रंथालयात नेमतील. आत्या, तुझ्यापासून काय लपवायचे? पहिल्या दिवशी मला ग्रंथालयच बरे वाटले होते. पण गेल्या आठवड्यात इस्पितळात एका आजारी म्हातारीशेजारी बसून मी प्रार्थना केली. तिने माझा अंगठा घट्ट धरला आणि झोप लागेपर्यंत सोडला नाही. तेव्हापासून मला हेच काम हवे आहे, आणि इतके हवे आहे, की मला त्याची भीती वाटते.

अडचण एकच. व्यासपीठावर हाती कागद असला की मी उभी राहू शकते. परंतु लोकांच्या घरी जाऊन दारावरची घंटी वाजवणे मला साधत नाही. मी दारापुढे उभी राहते, मनात वाक्य जुळवते, आणि घरात कोणी नसावे अशी इच्छा करते. पाळकाने अशी इच्छा करणे बरे नव्हे. यावर काही उपाय असेल तर लिही.

तुझा लोभ मला दूरवरही पुरतो. तो आटू देऊ नकोस.

तुझी,
सुवार्ता

*

मिरज,
१८ जुलै २०२४

चि. सुवार्तास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले. दोनदा आनंदासाठी आणि एकदा अर्थासाठी. एवढी शुद्ध मराठी मिरजेच्या पोस्टमनने याआधी वाहिली नसेल. बिचारा जिना चढून धापा टाकत होता. बाई गं, तू मराठीत शाळेतून पहिली आलीस, हे साऱ्या कौन्सिलला माहीत आहे. आता ते रत्नागिरीच्या लोकांना प्रत्येक वाक्यातून कळवायलाच हवे असे नाही.

दारांचे म्हणशील, तर मी मिरजेच्या आसपासच्या खेड्यांत चाळीस वर्षे चर्चची सेविका म्हणून दारेच पाहिली. माझ्या वेळी बायकांना दीक्षा देत नसत. देऊ लागले, तेव्हा माझे वय उलटून गेले होते. बाळंतिणीपाशी मी, मेलेल्यापाशी मी, आणि नावाला पाळकसाहेब. त्याचे मला फार वाईट वाटले नाही. थोडे वाटले. ते असो.

उपाय साधा आहे. दार उघडले की पहिल्यांदा पाणी माग. पाणी आणून देणारा माणूस तुला हाकलत नाही, आणि पाणी पिताना तुला बोलावे लागत नाही. पेला रिकामा होईतो तुम्ही दोघेही सावरता. मग सरळ विचार, की सुरुवात करू का. पाल्हाळ नको, प्रस्तावना नको.

समुद्र्यांना माझा सलाम सांग. मिरजेच्या बोर्डिंगात असताना ते भूत येते म्हणून दाराला आतून दोन कड्या लावून झोपत. हे मात्र सांगू नकोस.

जेवत जा. बांगडा मिळतो आहे, तर पुस्तक बाजूला ठेवून खा, काटे असतात.

माझी माया आहेच. तू आठवण ठेवलीस की ती पोहोचते.

तुझी,
आत्या

*

रत्नागिरी,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. रिबेकाआत्यास,
सुवार्ताचा कृ. सा. सलाम वि. वि.

तुझा पाण्याचा उपाय चार महिने उत्तम चालला. गेल्या सोमवारी मात्र तो नको तितका चालला. हे पत्र बसून वाच.

आपल्या मंडळीतील परिचारिका एस्तेर साळवी हिने साळवी स्टॉपच्या पुढे नवी सदनिका घेतली. नव्या घरात प्रार्थना करण्यासाठी तिने मला सोमवारी सकाळी बोलावले होते. इमारतीला ए आणि बी अशा दोन विंग आहेत. एस्तेरची सदनिका ए विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. मी जिना चढले तो बी विंगचा. तिसऱ्या मजल्यावर एका दाराला झेंडूचे तोरण होते, बाहेर पुष्कळ चपला होत्या, आतून नारळाच्या वड्यांचा वास येत होता. खाली पहारेकऱ्याला विचारले असते तर हे घडले नसते; पण विचारण्यासाठी बोलावे लागते.

मी आत गेले आणि पाणी मागितले. लगबगीने पाणी आले. एस्तेर दिसली नाही; ती स्वयंपाकघरात असेल आणि ही तिच्या सासरची माणसे असतील, असे मी धरून चालले. पेला खाली ठेवून मी विचारले, की प्रार्थनेस सुरुवात करू का. नऊवारीतल्या एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, की कर हो बाळ, नाहीतरी खोळंबूनच बसलोत.

मी सर्वांना उभे राहण्याची विनंती केली, आणि सारे उभे राहिले. मी एकेका खोलीत जाऊन प्रार्थना केली. मंडळी हात जोडून माझ्यामागून आली. उंबरठ्यापाशी मी म्हटले, की येथून बाहेर पडणारा प्रत्येक जण सुखरूप परत येवो. स्वयंपाकघरात मला ऐन वेळी कागदावरचे आठवेना, म्हणून जे सुचले ते म्हटले, की या ओट्याशी जी उभी राहील तिचे पाय दुखू नयेत, आणि दुखले तर ते कोणाच्या तरी लक्षात यावे. शेवटी प्रभू येशूच्या नावाने आमेन म्हटले. प्रत्युत्तरादाखल आमेन आले नाही. मी डोळे उघडले. समोर पाटावर कलश मांडलेला होता, शेजारी गणपतीची तसबीर होती, आणि दारात हातात पिशवी घेतलेले एक गुरुजी अतिशय लक्ष देऊन ऐकत उभे होते.

ते घर चारुदत्त मुळ्ये यांचे, आणि त्या सकाळी त्यांची वास्तुशांत होती. मी कोण, हे कोणीच का विचारले नाही, याचा उलगडा नंतर झाला. चारुदत्तांना मी त्यांच्या आईच्या भजनी मंडळातली वाटले, त्यांच्या पत्नीला मी यजमानांच्या कचेरीतली वाटले, आणि त्यांच्या आईला, म्हणजे त्या नऊवारीतल्या कमलाआजींना, मी सुनेची मैत्रीण वाटले. दारी आलेल्या पाहुणीला तू कोण असे कसे विचारायचे, म्हणून सारे माझ्यामागे खोल्या हिंडले. मी क्षमा मागितली. निदान मागण्यासाठी तोंड उघडले. गुरुजी हसून म्हणाले, की पूर्वार्ध झालाच आहे, उत्तरार्ध मी उरकतो. मी पळाले.

येथवर तू हसत असशील. पुढचे हसण्यासारखे नाही. त्यांच्या ऋत्विक नावाच्या भाच्याने सारे मोबाइलवर टिपले होते. त्याने ते कौतुकाने सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. तेथे कोणी विचारले, की हा काय प्रकार आहे. दुसऱ्याने लिहिले, की घरात घुसून धर्मप्रचार सुरू झाला वाटते. मला एस्तेरने बोलावले होते हे कळल्यापासून सोसायटीचे सेक्रेटरी तिच्याकडे खुलासा मागत आहेत. शेजारीण तिला पाहून दार लावून घेते. बिचारीने वीस वर्षे रात्रपाळ्या करून ते घर घेतले, आणि पहिल्याच आठवड्यात तिला तेथे चोरासारखे वावरावे लागते आहे, ते माझ्यामुळे.

समुद्रे वडिलांनी मला घरभेटी थांबवायला सांगितले आहे. ते रागावले नाहीत. रागावले असते, तर बरे वाटले असते. जानेवारीची सभा काय ठरवील, हे आता मला दिसतेच आहे.

या वेडीवर लोभ उरला असेल तर कळव.

तुझी,
सुवार्ता

*

रत्नागिरी,
३ डिसेंबर २०२४

भगिनी रिबेकाबाई सातपुते यांस,
चंद्रकांत समुद्रे याचा ख्रिस्तात सप्रेम सलाम.

पुष्कळ वर्षांनी पत्र लिहीत आहे, आणि तेही अवघड कामासाठी. आपल्या भाचीने घडलेला प्रकार कळवला असेलच.

मुलगी गुणी आहे. तिची प्रवचने वाचलेली असतात, पण विचार केलेली असतात. आजाऱ्यांना तिचा आधार वाटतो. तथापि आमची मंडळी मूठभर. या गावाने आम्हांला कधी त्रास दिला नाही, आणि आम्हीही गावाला आमची दखल घ्यायला लावले नाही. मी कोषागारात उभी हयात नोकरी केली. नाताळला करंज्यांचा डबा कचेरीत नेत असे, सर्वांशी गोडीने राही, पण कोणाच्या घरी गेलो नाही आणि कोणाला घरी बोलावले नाही. असे राहिले की शांतता राहते. आता एस्तेरचा मुलगा जिन्यात कोणी भेटेल म्हणून खाली खेळायला उतरत नाही. हे मला पाहवत नाही.

पुरुष पाळक असता तर एवढा बोभाटा झाला नसता, असे मंडळीत बोलले जाते. ते खरे की खोटे, मला ठाऊक नाही. सभेत हात वर करून एका मुलीला नाकारण्याची वेळ येऊ नये, एवढेच मला वाटते. तिने आपण होऊन ग्रंथालयाची नेमणूक मागावी, असे आपण तिला सुचवाल का? आपले ती ऐकेल.

आपला स्नेह पूर्वीचा आहे, म्हणून इतके मोकळे लिहिले. राग न यावा.

आपला बंधू,
चंद्रकांत समुद्रे

*

मिरज,
९ डिसेंबर २०२४

चि. सुवार्तास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

आधी हसून घेतले, मग एस्तेरसाठी वाईट वाटले, मग पुन्हा हसले. साऱ्या खोल्या हिंडलीस तरी तुला कोणी थांबवले नाही! कोकणी माणसाच्या आतिथ्याचा याहून मोठा पुरावा मला नको.

समुद्र्यांचे पत्र आले. तुला परत बोलावून घ्यावे, असे त्यांनी फार सभ्यपणे लिहिले आहे. तुझ्या पाठीमागे तुझ्याविषयी पत्रव्यवहार करणे मला आवडत नाही, म्हणून तुला सांगून टाकते. मी बोलावणार नाही. ग्रंथालय काही पळून जात नाही. तुला जायचे असेल तर सभेने नाकारल्यावर ताठ मानेने जा, आधीच चोरपावलांनी नको.

तू क्षमा मागायला तोंड उघडलेस आणि पळालीस, असे लिहितेस. म्हणजे क्षमा मागायची राहिली आहे. त्या मोबाइलच्या गटाची नव्हे. ज्या घरात पाणी प्यायलीस त्या घराची. त्या दारी परत जा, आणि या खेपेस मुद्दाम जा. एकटी जाऊ नकोस. समुद्र्यांना घेऊन जा. ते नको म्हणतील, खाकरतील, गुडघ्याचे सांगतील. त्यांना म्हणावे, रिबेकाने निरोप दिला आहे, की दोन कड्यांची आठवण तिला अजून आहे. ते येतील.

जीव मुठीत धर, पण घंटी वाजव.

माझा लोभ तुझ्या मागोमाग जिना चढतो आहे, असे समज.

तुझी,
आत्या

*

रत्नागिरी,
२९ डिसेंबर २०२४

ती. रिबेकाआत्यास,
सुवार्ताचा कृ. सा. सलाम वि. वि.

तुझा निरोप मी जसाच्या तसा सांगितला. समुद्रे वडील लाल झाले, खाकरले, आणि छत्री नको असता छत्री घेऊन निघाले. दोन कड्यांचे काय प्रकरण आहे, हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

मुळ्यांच्या दारापुढे आम्ही दोघे उभे राहिलो. घंटी कोणी वाजवायची, हे ठरेना. वडिलांना एकाएकी जिन्यातल्या विजेच्या मीटरांत फार रस वाटू लागला. तेव्हा मला जाणवले, की हा भला गृहस्थ माझ्याहूनही घाबरलेला आहे. आणि काय आश्चर्य, माझी भीती निम्मी झाली. मी घंटी वाजवली.

दार कमलाआजींनी उघडले. मी क्षमेचे वाक्य पाठ केले होते. त्यांनी ते अर्ध्यावर तोडले आणि म्हणाल्या, की अगो, क्षमा कसली मागतेस, त्या दिवशी वडी न खाता गेलीस त्याची क्षमा माग. पुढे म्हणाल्या, की पन्नास वर्षे ओट्याशी उभ्या राहिलेल्या माझ्या पायांची चौकशी त्या दिवशी पहिल्यांदा झाली. गुरुजींनाही मी सांगितले, की तुमच्या संकल्पात पाय घाला, आणि गुरुजींनी घातले. एवढे बोलून त्यांची दृष्टी माझ्या मागे गेली, आणि त्यांनी विचारले, की हे छत्रीवाले कोण.

वडिलांनी नाव सांगितले. त्यावर आजी जे म्हणाल्या, ते मी कधी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, की समुद्रे म्हणजे कोषागारातले? आमचे हे आणि तुम्ही एका टेबलाशी जेवलात. नाताळला तुमच्या करंज्या आमच्या घरी येत, आणि मी त्या डब्यात आंबापोळी घालून परत धाडी. डबा वर्षानुवर्षे आला-गेला, माणूस काही आला नाही. हे गेले तेव्हासुद्धा तुम्ही स्मशानातून परतलात, दारात आला नाहीत. का हो? आम्ही खातो काय माणसांना?

आत्या, आंबापोळी कोठून येते, हे वडिलांनी आजींच्या यजमानांना कधी विचारले नव्हते म्हणे. त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, खाली बसले, आणि पाणी मागितले! मी शपथेवर सांगते, तुझा उपाय मी त्यांना शिकवलेला नाही.

मग चारुदत्त आले. गटावरच्या बोलण्याचे त्यांनाही वाईट वाटत होते, पण उत्तर दिले तर वाद वाढेल म्हणून ते गप्प होते. आजींनी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला, त्यात तोंड घालून त्या बोलल्या, आणि तो आवाज साऱ्या गटाला गेला. तो साधारण असा: मी कमला मुळ्ये बोलत्ये, बी विंग. ती मुलगी चुकून आली. आम्ही चुकून उभे राहिलो. त्यातून वाईट काही झाले नाही. ए विंगमधल्या एस्तेरबाईंशी जो बोलणार नाही, त्याने माझ्याशीही बोलू नये. आणि आता कोणी काही लिहू नका, वाचायला मला चष्मा शोधावा लागतो.

एस्तेर सांगते, की दुसऱ्या दिवशी शेजारणीने कोथिंबीर मागायच्या निमित्ताने दार उघडले. अजून दोन घरे घुश्शात आहेत, पण मुलगा खाली खेळायला जातो. नाताळच्या संध्याकाळी समुद्रे वडिलांच्या घरी मुळ्ये कुटुंब चहाला आले होते. वडिलांनी बशा धुतलेल्या असूनही पुन्हा धुतल्या.

सभा बारा जानेवारीस आहे. वडील कोणत्या बाजूचे, हे मला कळत नाही आणि विचारवत नाही. परंतु मी आपण होऊन जाणार नाही. मला येथे राहायचे आहे, हे वाक्य मी परवा त्यांच्यासमोर, कागदावाचून, मोठ्याने म्हटले. घंटी वाजवण्यापूर्वी मी आता दारावरची पाटीही वाचते.

तुझा लोभ जिना चढून आला होता. आता तो येथेच मुक्कामी असू दे.

तुझी,
सुवार्ता

*

रत्नागिरी,
१४ जानेवारी २०२५

भगिनी रिबेकाबाई सातपुते यांस,
चंद्रकांत समुद्रे याचा ख्रिस्तात सप्रेम सलाम.

सुवार्ताने मला पत्र आधी लिहू दिले, हे तिचे सौजन्य. सभा झाली. मंडळीने तिला मागितले आहे.

सहज झाले नाही. लोट्याच्या केमिस्टांनी मुद्दा काढला, की रात्री-अपरात्री कोणी गेले, तर कबरस्तानात मुलगी कशी जाणार. त्यावर एस्तेर उठली. ती म्हणाली, की या प्रकरणात सर्वांहून जास्त त्रास मला झाला, म्हणून आधी मला बोलू द्या. मरणाऱ्यापाशी रात्री-अपरात्री आम्ही नर्साच असतो, तेव्हा कोणी विचारत नाही मुलगी कशी जाणार. माझे मत सुवार्तालाच आहे. केमिस्ट हसून खाली बसले. तरी त्यांचा हात विरुद्धच वर गेला. त्यांच्यासह तिघे विरुद्ध होते. सभा संपल्यावर मात्र त्यांनीच आपल्या मुलीचे लग्न लावण्यासाठी तिची तारीख विचारून घेतली.

मी काय केले, हे आपण विचाराल. मी एवढेच बोललो, की चाळीस वर्षांत मी ज्या दाराशी गेलो नाही, त्या दाराशी ही मुलगी चुकून गेली आणि नंतर मलाही घेऊन गेली. मला असाच पाळक हवा. खाली बसताना गुडघा दुखला, पण ते असो.

दीक्षाविधी दोन मार्चला ठरला आहे. आमच्या मंडळीची एक जुनी रीत आहे. दीक्षा देताना पाळक जेव्हा मस्तकावर हात ठेवतात, तेव्हा त्यांत एक हात मंडळीचा असतो, दीक्षा नसलेल्या माणसाचा. तो मान ज्येष्ठ वडिलांचा, म्हणजे माझा. तो मी आपल्याला देत आहे. कौन्सिलच्या अध्यक्षांना विचारले, त्यांनी आनंदाने होकार दिला. मिरजेच्या आसपास आपण चाळीस वर्षे जे केले, ते आम्ही सारे पाहत होतो. पाहत होतो आणि गप्प होतो.

सुवार्ताला मी आता पाळकताई म्हणतो. पहिल्या खेपेस ती वळून आपल्यामागे कोण आहे ते पाहू लागली.

येण्याचे अवश्य करावे. उतरायला माझे घर आहे.

आपला बंधू,
चंद्रकांत समुद्रे

*

मिरज,
२१ जानेवारी २०२५

चि. सुवार्तास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

समुद्र्यांचे पत्र घेऊन दोन दिवस नुसती बसून होते. शेजारच्या तुळसाबाईंनी विचारले, की काही वाईट बातमी आहे का. मी म्हटले, नाही हो, फार उशिराची चांगली बातमी आहे, अंगवळणी पडायला वेळ लागतो.

एस्टीचे तिकीट काढले आहे. आंबा घाटात मला उलटी होते, हे समुद्र्यांना आधी सांगून ठेव. पांढरे लुगडे इस्त्रीला दिले. इस्त्रीवाल्याने विचारले, की लग्न कोणाचे. मी म्हटले, त्याहून मोठे आहे.

आता एक कामाचे. मी आजवर पुष्कळ डोक्यांवर हात ठेवला. तापलेल्या, न्हालेल्या, थंड पडलेल्या. पण साऱ्या मंडळीदेखत, पाळकांच्या रांगेत उभी राहून कधीच ठेवलेला नाही. तो कसा ठेवायचा, किती वेळ ठेवायचा, काढायचा कधी, हे मला माहीत नाही. तू पुस्तकातली आहेस, पाहून ठेव आणि मला आदल्या दिवशी शिकव. विधीच्या वेळी सर्वांनी हात उचलल्यावरही माझा तुझ्या डोक्यावर राहिला, तर हलू नकोस. थोडा वेळ तसाच राहू दे.

लोभ कागदावर मावेना, म्हणून तो घेऊन मीच येते आहे.

तुझी,
रिबेकाआत्या